केशरची हनुवटी आणि मी

मला तोंड आहे, पण ते आजवर दुसऱ्यांच्या बोटांनी उघडलं आणि दुसऱ्यांच्या बोटांनीच मिटलं. आज माझं मी उघडतोय. बोटभर लांबीचा लोखंडी चिमटा आहे मी, आणि मला राग आलेला आहे. ऐकायचं असेल त्यानं बसावं. नसेल त्यानं आत्ताच उठावं, पण अर्ध्यातून उठताना "चिमट्याला कसला आलाय राग?" असं पुटपुटत जाऊ नये. लोखंड तापतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

राहुरीच्या बाजारात एका घिसाड्याच्या भात्यापुढं माझा जन्म झाला. मोडलेल्या विळ्याचं पातं तापवून त्यानं मला दुमडलं, टोकं कानशीनं घासली, ती एकमेकांना नीट भेटतात का ते उजेडात धरून पाहिलं, आणि स्वतःच्या मनगटावरचा एक केस खेचला. "आय गं!" म्हणाला आणि हसला. दुखलं म्हणजे माल चांगला, असा त्याचा न्याय. पुढं हाच न्याय माणसांनी माझ्या गळ्यात बांधला.

मला घेतलं कडूबाईनं. तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. कडेवर दोन वर्षांचं लेकरू, त्याच्या तळपायात बाभळीचा काटा, आणि हिच्या डोळ्यांत त्याच्यापेक्षा जास्त पाणी. काटा मी एका झटक्यात काढला. तिनं तो तळहातावर घेऊन तीनतीनदा पाहिला, टोक आत तर राहिलं नाही ना म्हणून. कडूबाई तशीच होती. लेकरू झोपलं की नाकापुढं बोट धरायची. खेळायला गेलं की चूल सोडून दारात यायची. नवरा कारभारी म्हणायचा, "अगं, पोरगं हाय ते, काचंचं भांडं न्हाई." तिला ते काचेचंच वाटायचं.

मुळा नदीच्या काठाला त्यांचं गाव, राहुरीहून दोन कोस. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन बरं. दाराआडच्या खुंटीला मी टांगलेला असायचो, आणि तिथून मला सगळं दिसायचं. लेकराचं नाव मच्छिंद्र ठेवलं होतं. ते मुलींच्यात फुगडी घालायचं. लहान होतं तोवर बाया कौतुक करायच्या. दहाचं झालं तशा त्याच बाया हाकलायला लागल्या. "जा रे, बाप्यांच्यात जा!" ते जायचं नाही. घरी येऊन आईच्या मागं उभं राहायचं, तिचा पदर दोन बोटांत धरून. कडूबाई काही बोलायची नाही, पण पदर सोडवूनही घ्यायची नाही. तेवढंच काय ते तिचं धाडस.

जगातली दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष झालं होतं. लेकरू सोळाचं झालं आणि त्याच्या वरच्या ओठावर काळी रेघ उमटली.

कारभारी अंगणातूनच ओरडला, "कडू, ए कडू! बघ की गं, पोराला मिसरूड फुटलं!" चावडीवर जाऊन सांगून आला. आल्यागेल्याला पोराची हनुवटी धरून दाखवायला लागला, बैलाचे दात दाखवावेत तशी. ज्याचं तोंड त्याला कुणी विचारलं का? लेकरू तीन दिवस ओठावर हात धरून वावरत होतं. जेवतानासुद्धा. चौथ्या दिवशी त्यानं मला खुंटीवरून काढलं, आरशाचा तुकडा घेतला, आणि कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसलं.

ओठावरचा केस उपटताना डोळ्यांतून पाणी आपोआप येतं. त्याला रडणं म्हणत नाहीत. बोटं घसरत होती म्हणून त्यानं गोवरीची राख बोटांना लावली. एक, दुसरा, तिसरा. ओठ सुजून आला, दोन ठिकाणी रक्ताचे टिपके उभे राहिले. आणि कडूबाई समोर येऊन उभी.

"काय करतुयास रं?"

"हे माझं न्हाई, आये."

"मग कोनाचं?"

"ठावं न्हाई. पन माझं न्हाई."

कडूबाई खाली बसली. तिनं मारलं नाही. पदरानं रक्त टिपलं आणि म्हणाली, "दुखतंय का?" आईला हेच सुचतं. लेकराला काय होतंय ते कळत नसलं, तरी कुठं दुखतंय ते तिला कळतं.

आता एक सांगतो, त्यात मी कुणाची बाजू घेणार नाही. कडूबाईला माझं काम सोसवेना. रोज सकाळी तो सुजलेला ओठ बघून तिच्या घशाखाली घास उतरेना. बाजारात एक वैदू बसायचा. त्याला तिनं खोटंच सांगितलं, "माझ्या भाचीला तोंडावर लव हाय, काय देता का?" त्यानं हरताळाचा पिवळा खडा कुटला, त्यात चुना घातला आणि पुडी बांधून दिली. "पान्यात कालवून लावायचं. शंभर मोजायचं. एकशे एक न्हाई. मंग पुसायचं."

कडूबाईला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं. वैदूनं ते विचारलं नाही, तिनं लाजेनं सांगितलं नाही. वीस पाच वेळा मोजायचे, असं तिनं मनाशी धरलं. तिसरी विशी चालू असताना बाहेरून कारभारीची हाक आली, "अगं, पानी आन!" ती दचकली, पाणी देऊन आली, आणि कितवी विशी ते विसरली. मग भीतीनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. लेकरू दात खाऊन बसलेलं. आईनं लावलंय म्हणजे सोसायचं, एवढंच त्याला माहीत. पुसलं तेव्हा केस गेले होते, आणि लेप ओघळला होता तिथली, डाव्या गालावरची, कातडीही गेली होती. रुपयाएवढा डाग कायमचा राहिला. कडूबाई त्या डागाकडं पाहून आजही बोटं मोडते, स्वतःच्याच नावानं.

कारभारीला त्या डागावरून सगळं कळलं. त्याचा इलाज सोपा होता: लग्न. आणि लग्नाआधी मिशीला वळण. त्यानं गावच्या न्हाव्याला, गहिनीनाथला, बोलावून आणलं. "हिकडून तिकडून भादर, आन् मिशीला टोक दे. बापाच्या वरताण झाली पायजे." गहिनीनाथनं धोकटी सोडली, वस्तरा तळहातावर फिरवला. लेकरानं त्या वस्तऱ्याकडं असं पाहिलं, जसं खाटकाकडं पाहतात. उठलं आणि मागच्या दारानं पळालं. त्या दिवसापासून त्या तोंडाला वस्तऱ्याची दहशत बसली. मला त्याचा आनंद झाला होता. होय, झाला होता. हा माझाही गुन्हा आहे, तो मी झाकून ठेवणार नाही.

एकोणिसाव्या वर्षी ते घर सुटलं. कारभारीनं अंगणात उभं राहून सांगितलं, "मला पोरगं हुतं, ते मेलं." कडूबाई चुलीपुढं बसून राहिली. पण पहाटे तिनं मला खुंटीवरून काढून चिंधीत गुंडाळलं होतं आणि लेकराच्या पिशवीत, भाकरीखाली, ठेवलं होतं. सोनंनाणं नव्हतं तिच्याजवळ. मी होतो.

राहुरीत साळूबाईचं घर होतं, लेकरू तिथं जाऊन पोचलं. तिथं त्याच्यासारख्याच चौघी राहायच्या. लग्नाला, बारशाला ढोलकी घेऊन जायच्या, तान्ह्या बाळाला आशीर्वाद द्यायच्या. लोक आशीर्वाद घेताना हात जोडायचे आणि पाठ वळली की ज्या शब्दानं हाक मारायचे, तो शब्द माझ्या तोंडून येणार नाही. साळूबाई पन्नाशीची, उंच, पांढऱ्या लुगड्यातली. तिनं त्या लेकराला उजेडात उभं केलं, डागावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "नाव काय लावू तुला?"

"तुमीच सांगा, गुरूबाई."

"केशर."

झालं. इतकी वर्षं जे मी नुसतं लेकरू म्हणून ओळखत होतो, ती केशर झाली. मी साळूबाईला हे पुण्य देतो. पुढं तिच्यावर मी आग पाखडणार आहे, म्हणून आधी देऊन टाकतो.

त्या घरात एक रीत होती. तोंडाला वस्तरा लावायचा नाही. केस येईल तो चिमट्यानंच उपटायचा, मग दिवसाचे दोन प्रहर त्यात गेले तरी चालतील. साळूबाई नव्या पोरीला समोर बसवून सांगायची, "लुगडं कोनीबी नेसंल. तमाशातला सोंगाड्याबी नेसतो. सकाळी वस्तरा फिरवतो, सांजंला बाई व्हतो. आपुन सोंग न्हाई. आपुन एकेक केस मुळापासनं काढतो. दुखतंय? दुखू दे. लोकाला तेच दिसतं." तिच्या हनुवटीवर देवीच्या वणासारखे खड्डे होते. ती ते अभिमानानं मिरवायची.

आणि एक खोटंही ती सांगायची: वस्तऱ्यानं केस राठ होतात, चिमट्यानं मूळ मरतं. अहो, मूळ मी मारत नाही! मी नुसता बाहेर ओढतो. पंधरा दिवसांत ते परत हजर. कधी कधी तर कातडीच्या आतच वळतं, पुळी होते, पू धरतो, आणि मग मला त्या पुळीत टोक घालावं लागतं. हे मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.

तरी सकाळचं अंगण गोड होतं, हे खोटं कसं बोलू? सगळ्या उन्हाला बसायच्या, प्रत्येकीपुढं आरसा आणि राखेची वाटी. रतनबाई म्हणून एक होती, ती सगळ्यांना हसवायची. "माझ्या हनुवटीचं रान बघा गं बायांनो! दोन सालं पाऊस न्हाई, तरी हिरवंगार." मग कुणीतरी म्हणायचं, "तुझ्या बापाला सांग, शेतसारा भर त्याचा." असं हसत हसत केशरनं एक वर्ष काढलं. कडूबाई बाजाराच्या निमित्तानं यायची, लांब उभी राहून लेकीला बघायची, आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगायची की मिठाला रांग होती.

मग ते चैत्राचे दिवस आले.

यात्रांचा महिना. साळूबाईचं घर बैलगाडी जोडून गावोगाव निघणार होतं, पुरे तीन आठवडे. निघायच्या दिवशी केशर तापानं फणफणली. मुदतीचा ताप. साळूबाई थांबू शकत नव्हती, यात्रा हीच त्यांची वर्षाची भाकर. पण तिनं दोन कोसांवर निरोप धाडला: "लेक आजारी हाय. या." कडूबाईनं निरोप ऐकला, हातातलं पीठ तसंच परातीत टाकलं आणि चालत सुटली. कारभारी मागून काय ओरडत होता ते तिनं ऐकलं नाही.

एकवीस दिवस. पाणी, पेज, कपाळावर ओली पट्टी. नाकापुढं बोट धरायची तिची जुनी सवय पुन्हा सुरू झाली. आणि इकडं केशरच्या तोंडावर केस उगवत होते. आठ दिवसांत खुंट, पंधरा दिवसांत दाढी. ताप माणसाला खातो, केसांना खात नाही.

कडूबाईनं एकदा मला हातात घेतलं. हनुवटीवरचा एक केस धरला आणि ओढला. तापानं ती कातडी तव्यासारखी झाली होती. केशर अशी किंचाळली, की कडूबाईच्या हातून मी जमिनीवर पडलो. पुन्हा तिनं मला केसाला लावलं नाही.

सतराव्या दिवशी केशरला जरा शुद्ध आली. तिचा हात गालावर गेला आणि तिथंच थांबला.

"आये, आरसा दे."

"फुटला गं."

"खोटं बोलू नको. माझ्या तोंडावर काय हाय?"

"काय न्हाई. ताप हाय, बाळा."

"मी अशी मेले तर?" केशर म्हणाली. "लोक काय म्हनतील, कोन मेलं? बाप्या म्हनून नेतील मला."

हे ऐकून कोणती आई घरात बसेल? कडूबाई उठली ती थेट बाजारात गेली. गहिनीनाथ बाजाराच्या दिवशी राहुरीत झाडाखाली बसायचा. तिनं त्याला गिऱ्हाइकाच्या अर्ध्या डोक्यावरून उठवून आणलं. गिऱ्हाईक मागून शिव्या देत राहिलं.

गहिनीनाथ दारातच घुटमळला. "वयनी, म्या मागं मिशीला टोक द्यायला आल्तो, तवा हे लेकरू पळालं हुतं. आता घाबरंल की."

"तवा टोक द्यायला आल्तास. आज काढायला आलायस."

"समदं?"

"समदं."

त्यानं वस्तरा चांगला लावून घेतला, पाणी कोमट केलं. "नवरदेवाची करत्यात तशी हलक्या हातानं करतो बघा," तो म्हणाला.

"नवरदेव न्हाई," कडूबाई म्हणाली. "नवरीला हळद लावत्यात तशी कर."

डागाच्या कडेनं त्यानं वस्तरा असा नेला, जसा कुणी झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात काढून घेतं. एक थेंब रक्त नाही. शेवटी तुरटी फिरवली, पाणी ओतलं आणि निघताना म्हणाला, "बरी होऊ दे तुमची पोरगी."

केशरनं हनुवटीवरून हात फिरवला. "आये, लई गार वाटतंय गं." आणि सतरा दिवसांत पहिल्यांदा ती स्वस्थ झोपली. मी कोनाड्यात होतो. मला त्या वस्तऱ्याचा असा राग आला म्हणून सांगू! मी इतकी वर्षं रक्त काढलं, आणि हा दोन घटकांत येऊन गारवा देऊन गेला. आता त्या रागाची मला लाज वाटते.

चूक कडूबाईची म्हणायची तर हीच: तिला रीत माहीत नव्हती. तिला वाटलं, केस गेले म्हणजे झालं. कशानं गेले याला कोण विचारतं?

साळूबाई आली. केशर भिंतीला टेकून बसली होती, ताप उतरलेला, चेहरा खारकेसारखा सुकलेला. साळूबाईनं पहिल्यांदा तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हात गालावर आला. चार दिवसांचे खुंट होते, टोकं बोथट. उपटलेला केस परत येतो तो मऊ टोकाचा, कापलेला येतो तो असा. तो अंगठा एकदा वर गेला, एकदा खाली आला.

"वस्तरा कोनी लावला?"

"म्या लावला," कडूबाई पुढं झाली. "माझी चूक हाय. तिला सुद नव्हती. काय सजा असंल ती मला द्या."

"चूक तुझी, पन तोंड तिचं." साळूबाईचा आवाज चढला नव्हता. तेच वाईट होतं. "चाळीस दिस दाढी वाढू द्यायची. तोंडावर पदर घ्यायचा न्हाई. बाजाराला तशीच जायाचं. एकेचाळिसाव्या दिशी अंगनात समद्यांपुढं बसून पहिल्यापासनं चिमटा. माझ्या गुरूनं मला ह्येच केलं हुतं. मी मेले न्हाई."

ऐकलंत? मरता मरता वाचलेल्या पोरीला ही सजा. आणि हत्यार कोण? मी! काटे काढायला जन्मलेला मी, आता सूड काढणार होतो. मी तापलो, पण ते कुणाला दिसलं नाही.

केशर भिंतीला धरून उभी राहिली.

"गुरूबाई, मी बाई हाय ह्ये दाखवाया तुमी मला चाळीस दिस बाप्या करून बाजारात हिंडवनार?"

रतनबाईनं खाली पाहिलं.

"रीत हाय," साळूबाई म्हणाली.

"आन् मी? मी काय हाय?"

तेवढ्यात कडूबाईनं लेकीचे दोन्ही हात धरले. "ऐक गं माझ्या बाई. चाळीसच दिस. मी रोज यीन. तुझ्या संगं बाजारात फिरंन, कोन हसतंय ते बघते. पन ह्या घराबाहेर तुला कोन हाय?"

"तू हायस का?" केशरनं विचारलं.

कडूबाईच्या डोळ्यांपुढं कारभारी आला असणार, अंगण आलं असणार, गाव आलं असणार. आईनं उत्तर न दिलेला तो एक क्षण मी विसरलेलो नाही. मला आईचाही राग आला, आणि तिला तिथं उभं करणाऱ्या सगळ्यांचाही.

केशरनं मला कोनाड्यातून काढलं आणि साळूबाईच्या तळहातावर ठेवलं. "ह्यो माझ्या आयेनं मला दिला हुता. तुमी त्याचा कायदा केला. ठेवा तुमच्याकडं. माझं तोंड मी घेऊन चालले."

ती गेली. अशक्त पायांनी, मधे दोनदा बसत. मी मागंच राहिलो.

पुढचं मला रतनबाईच्या तोंडून कळत गेलं. एका शिंप्याच्या मागच्या पडवीत केशरला जागा मिळाली. गोधड्या शिवायला लागली. गहिनीनाथनं आपला एक जुना वस्तरा तिला आणून दिला आणि कसा धरायचा ते शिकवलं. रोज सकाळी ती तो फिरवते. सांजेपर्यंत निळसर सावली येते, बाजारातली टारगट पोरं बोलतात, ती ऐकते, कधी उलट बोलते. "माझ्या दाढीची एवढी काळजी, तर येऊन पानी तापवून देत जा की," असं एकाला म्हणाली म्हणे. ज्या दिवशी नको वाटतं त्या दिवशी ती काहीच करत नाही, दार लावून शिवत बसते. आणि आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला चार महिने लागले. चार महिन्यांनी कडूबाई अंथरूण काखेला मारून त्या पडवीत आली, ती परत गेली नाही. कारभारीच्या भाकरी आता कोण थापतं, मला माहीत नाही. मला पर्वाही नाही.

माझं काय झालं? साळूबाईनं मला देव केला. देवळीत ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. नवी पोर घरात आली की तिला माझ्यापुढं बसवायची आणि माझ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावायची: वस्तरा लावणार नाही. पाच वर्षं! पाच वर्षं त्या कोवळ्या, घाबरलेल्या तळव्यांखाली मी गुदमरत पडून होतो. प्रत्येकीला ओरडून सांगावंसं वाटायचं, नको म्हण, बाई, निदान विचार तरी कर. पण देव झालेल्याचं तोंड कुंकवानं भरलेलं असतं.

गेल्या वर्षी साळूबाईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले. तिला आपल्या तोंडावरचे केस दिसेनात. बोटांना लागायचे, पण धरता यायचे नाहीत. रतनबाईचा हात आता कापतो, तिनं दोनदा कातडीच धरली. आणि धाकट्या पोरींपुढं हनुवटी उघडी टाकायची, तर ज्यांना पाच वर्षं शपथा घातल्या त्यांना आपले पांढरे खुंट दिसणार. साळूबाई तोंडावर पदर घेऊन बसायला लागली. असे दोन महिने गेले. मग एका दुपारी तिनं रतनबाईला हळूच सांगितलं, "तिला बोलीव."

केशर आली. आता ती पंचविशीची, अंगानं भरलेली. डाग तसाच.

"आलीस?" साळूबाई म्हणाली.

"बोलावलंत."

"बस." साळूबाईनं पदर खाली केला. मग म्हणाली, "दिसंना मला. तू काढ."

केशरनं मला देवळीतून उचललं. माझ्यावरचं कुंकू फुंकून टाकलं, लुगड्याला पुसलं. मग पिशवीतून तिचा वस्तरा काढला. मला आणि त्याला तिनं साळूबाईच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवलं, आणि त्या आंधळ्या हाताला आम्हा दोघांवरून फिरवलं.

"कशानं काढू?"

त्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. साळूबाईला तिच्या गुरूनं नाही, साळूबाईनं कुणालाच नाही. तिचा हात वस्तऱ्याच्या मुठीवर थांबला. "गार लागतं म्हनत्यात," ती पुटपुटली.

"लागतं."

"वरच्या ओठावर चिमटाच. तिथं मला सवय हाय." तिनं बोट हनुवटीखाली नेलं. "पन हनुवटीखाली... तिथं लई दुखतंय गं. चाळीस वर्सं दुखतंय. तिथं वस्तरा चालंल." आणि लगेच मान वळवून हाक मारली, "रतने, कवाड लाव!"

केशरचा हात मागं आला. "कवाड उघडं ऱ्हाईल, तर काढंन."

"केशर!"

"पोरी दारात उब्या हायत. त्यांना बघू द्या. न्हाईतर मी चालले."

मला तेव्हा वाटलं, साळूबाई आता हाकलून देणार. बाहेर पोरी उंबऱ्याशी उभ्या होत्या.

"ऱ्हाऊ दे उघडं," साळूबाई म्हणाली. कुणाला म्हणून नाही, नुसतं समोर तोंड करून.

आधी मी, मग तो. दोघांनी आपापलं काम केलं, सगळ्यांच्या देखत. रतनबाईनं तेवढ्यातही तोंड घातलं, "गुरूबाई, रान साफ झालं, आता पेरा काहीतरी!" साळूबाई हसली नाही. तिनं माफीही मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. केशर त्या घरात राहायला परत आली नाही. आठवड्याला येते, काम करते आणि आईकडं जाते.

आता मी देवळीत नाही. त्याच घरात एका पत्र्याच्या डब्यात आहे. फणी आहे, तुरटीचा खडा आहे, आणि शेजारी एक वस्तरा आहे. आम्ही दोघं बोलत नाही. सकाळी झाकण उघडतं, हात आत येतात. कुणाला मी लागतो, कुणाला तो. कुणी नुसतं बघतं आणि झाकण लावून जातं. तेही बरोबर.

माझा राग गेला असं समजू नका. केशरची ती दुखऱ्या तोंडाची वर्षं मला कुणी परत आणून देणार आहे का? तुमच्या घरात, आळीत अशी एखादी पोर असेल, तर तिच्या तोंडाचं काय करायचं हे ठरवायला बसू नका. तिला विचारा, आणि ती सांगेल ते आणून द्या. बस, इतकंच मागणं आहे. आणि मला पुन्हा देव करायला कुणी हळदीची बोटं घेऊन आलंच, तर आधीच सांगून ठेवतो: बोट धरीन, आणि सोडणार नाही.